पाणी बघितलंस का?

रविवारची सकाळ. डेडलाईन शनिवारी रात्री कशीबशी मारलेली, त्यामुळे मी अजून पांघरुणात. आणि हॉलमधून बाबांचा ठरलेला आवाज, ‘‘पाणी बघितलंस का?’’

पाणी म्हणजे गाडीचं. आपण त्याला कूलंट म्हणतो, बाबांच्या पिढीसाठी ते पाणीच. आमची छोटी हॅचबॅक त्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये घेतली. पुढे डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी ड्रायव्हिंग सोडून किल्ली माझ्या हातात दिली. गाडी सोडली, पण तो रविवारचा प्रश्न काही सोडला नाही. आणि माझंही उत्तर ठरलेलं, ‘‘हो बाबा, बघितलं!’’

खरं सांगू? बघायचे मी. बाटलीतली पातळी ‘मिन’च्या खाली गेलेली असायची. मग किचनमधून बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी भरायचं, ओतायचं, झाकण लावायचं, विषय संपला. आधी महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला. गाडीखाली थेंब नाही, धूर नाही, काटा जागेवर. मग टेन्शन कशाला घ्यायचं? फ्रीलान्सरचं बजेट तुम्हाला माहीतच आहे. मार्चमध्ये लिहिलेल्या लेखाचा चेक जूनमध्ये येतो. अशा वेळी मेकॅनिककडे जाणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं, असं माझं सरळ लॉजिक होतं.

मे २०२३. आत्याकडे वाईला निघालो होतो, मी आणि बाबा. बाहेर ऊन मी म्हणतंय, एसी फुल. पारगाव-खंडाळा मागे पडलं, खंबाटकी घाट सुरू झाला. पुढे उसाचा ट्रक असावा तशी रांगत जाणारी ट्रकची रांग. दुसऱ्या वळणावर टेम्परेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकायला लागला. मी गप्प. पण बाबांना दिसलंच.

‘‘एसी बंद कर. काचा खाली घे. आणि हीटर लाव, फुल!’’

‘‘बाबा, मे महिना आहे!’’

‘‘लाव म्हणतोय ना!’’

नंतर कळलं की हा वेडेपणा नव्हता. हीटर चालतो तो इंजिनातल्या गरम पाण्यावरच. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते, पण इंजिन तेवढं सुटतं. घामाने निथळत जागा मिळाली तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मी बॉनेट उघडून तरातरा रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच बाबांनी मनगट धरलं. आतलं पाणी प्रेशरखाली असतं, गरम असताना झाकण उघडलं तर ते उसळून तोंडावर येतं. चेहरा भाजतो, अक्षरशः.

पाऊण तास थांबलो. बाटली ठणठणीत कोरडी होती.

‘‘कधी भरलं होतंस?’’

‘‘परवाच...’’ आणि मग सगळंच बाहेर आलं. सहा महिन्यांचं टॉपअप, नळाचं पाणी, दर रविवारची थाप. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘मला आता नीट दिसत नाही, म्हणून तुला विचारत होतो गं.’’

बॉस, घाटातल्या उन्हापेक्षा ते वाक्य जास्त पोळलं.

पिण्याचं पाणी भरून हळूहळू वाई गाठली. गाडी पुण्याला आली ती टोईंगवरून. घराजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये पाच मिनिटं बघितलं आणि निकाल देऊन टाकला, ‘‘हेड गॅस्केट गेलंय मॅडम. इंजिन खोलावं लागेल. पंचवीस हजार धरा. त्यापेक्षा काढून टाका, गिऱ्हाईक मी बघतो.’’ एका मित्राने दुसरं टोक गाठलं. लीक बंद करणारं औषध मिळतं, ओत आणि विसर! पण ते औषध हीटरच्या बारीक नळ्यासुद्धा बुजवू शकतं.

त्या रात्री मी पत्रकार असल्याचं मला अखेर आठवलं. दोन सोर्सनी कन्फर्म केल्याशिवाय बातमी छापत नाही, मग पंचवीस हजारांचा निर्णय एका माणसाच्या पाच मिनिटांवर कसा घ्यायचा? वाचलं, विचारलं, आणि एक साधी गोष्ट डोक्यात बसली. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते बंद चक्रात फिरतं. दर आठवड्याला कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. प्रश्न ‘किती भरायचं’ हा नाहीच, ‘जातंय कुठे’ हा आहे.

वाटा मोजक्या असतात. बाहेर गळती असेल तर होज पाईप, रेडिएटर, त्याचं झाकण किंवा वॉटर पंप. आत हीटरमध्ये असेल तर पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं होतं, काचेवर वाफ धरते, गाडीत गोडसर वास येतो. आणि हेड गॅस्केट असेल तर पाणी थेट इंजिनात जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑईलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर दिसू शकतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. (एसी लावल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी ही मात्र गळती नव्हे. उगाच घाबरू नका!)

दुसरा मेकॅनिक नाना पेठेतला, बाबांच्या ओळखीचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, प्रेशर दिलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत प्रेशरचा काटा खाली आला होता. टॉर्च मारून म्हणाला, ‘‘ताई, हे बघा.’’ वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून एक-एक थेंब. आजूबाजूला वाळलेल्या पाण्याचे पांढरट डाग. थेंब गरम इंजिनावर पडायचा आणि तिथेच उडून जायचा, म्हणून पार्किंगमध्ये कधी ओल दिसलीच नाही. मग त्याने निळ्या लिक्विडची टेस्ट केली. इंजिनातला गॅस पाण्यात मिसळत असेल तर ते पिवळं पडतं. आमचं निळंच राहिलं. हेड गॅस्केट शाबूत!

पंप, बेल्ट, एक होज, नवं झाकण, आतली सफाई आणि कूलंट मिळून ६,२०० रुपये. नळाच्या पाण्याने आत क्षार आणि गंज साठायला लागला होता, ते बोलणं वेगळं खावं लागलं.

तरी प्रश्न होताच, तेरा वर्षांच्या गाडीवर एवढे घालायचे का? बाबा म्हणाले, ‘‘आता गाडी तुझी, ठरव तू.’’ मी कागद घेतला. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे आमच्याकडे २१ महिने बाकी. ६,२०० भागिले २१, महिन्याला साधारण तीनशे रुपये. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्या-आणण्याची एका वेळची कॅब त्याहून महाग पडते. पंचवीस हजार लागले असते तर महिन्याला बाराशेच्या घरात, आणि बाकीचं इंजिन तपासूनच ठरवलं असतं. गाडी विकून किती येतील, यापेक्षा तेवढ्या पैशात भरवशाची दुसरी मिळेल का, हा हिशेब खरा. मिळाली नसती. रिपेअर फायनल!

फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, पाच वर्षांसाठी. कारसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. भरला, आनंदाने भरला.

आता रविवारी मी आधी उठते. इंजिन थंड असताना पातळी बघते, बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे. मग बाबांचा हात धरून पार्किंगमध्ये आणते. ते बोटाने रेघ चाचपतात, टॉर्चच्या उजेडात डोळे बारीक करतात आणि विचारतात, ‘‘आहे ना?’’

‘‘आहे, बाबा.’’ आणि खरंच असतं!