नाकाला झोंबलेली मिरची

2021 च्या मे महिन्यात करोनाच्या आजारातून मी उठले, तेव्हा ताप उतरला होता, धाप थांबली होती. परंतु वास आणि चव मात्र परतली नव्हती. घरोघरी जेवणाचे डबे पुरवणे हा माझा व्यवसाय. ज्या हाताचा मिठाचा अंदाज पंधरा वर्षांत क्वचितच चुकला, तो हात आता प्रत्येक चिमटीला अडखळू लागला. एके सकाळी आमटी बुडाला लागली. करपल्याच्या वासाने मुलगी आतल्या खोलीतून धावत आली, तेव्हा मी त्याच पातेल्याशेजारी उभी राहून शांतपणे कोथिंबीर चिरत होते. त्या क्षणी मला प्रथमच भीती वाटली. नाकावाचून स्वयंपाक करायचा कसा आणि घर चालवायचे कसे?

त्याच आठवड्यात मुलीने ठेच्यासाठी तव्यावर लवंगी मिरच्या भाजायला घेतल्या. मला जोराचा ठसका लागला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. वास म्हणून काहीही कळत नव्हते, तरी मिरची कळत होती. 'नाकाला मिरच्या झोंबणे' हा वाक्प्रचार मी आजवर दुसऱ्यांच्या रागासाठी वापरला होता. त्या दिवशी तो शब्दशः अनुभवला आणि मला हायसे वाटले.

तिखटपणा ही खरे तर चव नव्हे, हे मला पुढे वाचनातून समजले. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य स्वादकलिकांना नव्हे, तर उष्णतेची वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. तोंड 'भाजले' असे आपण म्हणतो, ते म्हणूनच अचूक आहे. या द्रव्याच्या आधारे उष्णतेचा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस त्याच वर्षीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आयुर्वेदाने मात्र तिखटाला षड्रसांत स्थान दिले आणि त्याला 'कटु' म्हटले. हाच शब्द मराठीत 'कडू' झाला आणि कारल्याच्या वाट्याला गेला! अर्थात तो प्राचीन कटुरस सुंठीचा, मिऱ्याचा आणि पिंपळीचा. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली आणि मिऱ्याचेच नाव घेऊन घरचीच होऊन बसली.

मसाल्याच्या डब्यातील एका वाळलेल्या लवंगीचे बी मी जूनमध्ये कुंडीत पेरले. दहाएक दिवसांत रोपे उगवली. महिनाभराने त्यांपैकी तीन मोठ्या कुंड्यांत लावली. सुरुवातीला मायेपोटी मी त्यांना रोज पाणी घालत असे. पाने पिवळी पडली, तेव्हा कुठे हात आवरला. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यायचे, हा धडा मिळाला. ऑगस्टमध्ये एका रोपाची पाने आक्रसून वळली. शेतकरी याला 'चुरडा-मुरडा' म्हणतात. ते रोप मी उपटून टाकले आणि उरलेल्या दोघांवर निंबोळी अर्क फवारला. पुढे खाली माना घातलेली पांढरी फुले आली. काही गळाली, काही टिकली.

नवरात्राच्या सुमारास हाताशी मिरच्या आल्या. पहिली मिरची मी उभी चिरली. तिखटपणाचे मुख्य घर बी नसून बी ज्याला चिकटते तो पांढरट भाग आहे, हे आता ठाऊक होते. आजवर मी तिखट कमी करण्यासाठी केवळ बिया झटकत आले होते. चिरलेली मिरची सवयीने नाकाशी नेली. झोंबण्याच्या आत, अगदी पुसट, काहीतरी कच्चे, हिरवे जाणवले. तो भास असेल, असे वाटून मी मिरची मुलीपुढे धरली.

"वास येतो का गं हिला?"

"आई, मिरचीला वास असतोच की," ती म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोके घालून बसली.

आमटीतले मीठ आजही मी तिच्याकडूनच चाखून घेते. काही वास परतले, काही अजून परतायचे आहेत. कुंडीतली दोन्ही झाडे कधीच वठून गेली. मात्र त्यांच्या वाळवलेल्या मिरच्यांचे बी मी दर जूनला पेरते.