गिळल्यावर

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी माझा रस बंद केला. विकायचा नव्हे, प्यायचा. चाखण्यापुरता एक घोट चालेल का, असं विचारलं तर म्हणाले, तुमचा घोट मला माहीत आहे. खोटं नव्हतं ते. दिवसभर चाखता चाखता माझे दोन-तीन ग्लास सहज व्हायचे, आणि प्रत्येक घोटाला कारण धंद्याचंच असायचं.

मोहोळात रसवंती वडिलांनी टाकली. पुणे-सोलापूर रस्त्यावरून पंढरपूरला वळणारी माणसं इथं दम खातात. आमचं मूळ गाव पुरंदरातलं, म्हणून पाटीवर कानिफनाथ. बोपगावच्या डोंगरावरचा हा नाथ आमच्याकडच्या रसवाल्यांनी गावोगावच्या पाट्यांवर नेला. आलं किती, लिंबू कधी, हे या धंद्यात कुणी कुणाला सांगत नाही. माझं घोडं आयुष्यभर एकाच ठिकाणी अडलं : खारा ऊस.

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, पुढे कालवे आले, या भागाचं भलं झालं, सगळं मान्य. पण भारी काळ्या रानाला निचरा नाही आणि पाणी सोडणाऱ्याला धीर नाही. खालचा क्षार वर येतो, उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढरी खार फुटते. असल्या रानात तग धरतो तो फुले २६५. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं २००७ साली दिलेली ही जात शेतकऱ्यानं टनेज बघून डोक्यावर घेतली, त्यात त्याचं काय चुकलं? कारखान्याच्या काट्यावर खार वेगळी दिसत नाही. बरं, जातीला नावं ठेवूनही सुटका नाही. ८६०३२ या जातीचं नाव काढलं की माझे हात अजून शिवशिवतात, पण खारवट रानात लावला की तोही खाराच.

फडात बुडखा सोलून चावा, गोडच लागतो. गोडी जिभेवर आधी येते आणि खार तिच्या आड दडून बसते. ती कळते गिळल्यावर. शिवाय रसात बर्फ पडतो. गारव्यानं गोडी दबते, खार तेवढी दबत नाही, आणि फडात साखर वाटलेला ऊस ग्लासात उघडा पडतो. त्यातून तिसरा पिळा. पहिल्या पिळ्याचा रस निर्मळ असतो. चिपाड दुमडून पुन्हा पुन्हा घातलं की साखर कमी आणि बाकीचं जास्त, असा रस उतरायला लागतो. म्हणून खाऱ्या उसाचा तिसरा पिळा मी घेत नाही. पोरगा म्हणतो, पैसे उकिरड्यावर टाकताय. टाकतो.

चाखणं बंद झाल्यावर भाच्यानं ब्रिक्स मोजायचं यंत्र आणलं. काचेवर थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. "मामा, १९!" आकडा झकास. पण ते यंत्र रसात विरघळलेलं सगळंच मोजतं, साखर आणि क्षार निवडत नाही. म्हणजे खारेचीसुद्धा त्या १९ मध्ये भर. भाचा म्हणाला, मीठ असून असून कितीसं असणार? आमटीत तरी कितीसं असतं?

हल्ली रस्त्यावर बंद स्टीलच्या मशिनी आल्यात. घुंगरू नाहीत, चरक दिसत नाही, ऊस एकीकडून गेला की रस दुसरीकडून येतो. त्यातले काही काळं मीठ न विचारता टाकतात. मीठ पडलं की रानाची खार झाकली. एका चिमटीत माझा जन्माचा प्रश्न सुटतो आणि गिऱ्हाईक खूश, हे मला कळत नाही असं नाही. पण मागितल्याशिवाय मीठ नाही, ही माझी ऐट. काचेचाच ग्लास, ही दुसरी. ४२ अंशांतून आलेला माणूस बिनमिठाचा रस पिऊन "आणखी एक" म्हणाला की मला वाटतं, मोहोळात रसवाला एकच, बाकीचे ऊस पिळतात.

चरकाच्या आवाजावरून दशी पडलेला ऊस मी आजही ओळखतो. कापाच्या तोंडावरून तोड किती शिळी तेही सांगतो. खार मात्र वाजत नाही, दिसत नाही, वासालाही येत नाही. तिला जीभच लागते, आणि ती आता नातीची आहे. नववीत आहे. काही न शिकवता पहिल्याच मोळीला म्हणाली, "आबा, गिळल्यावर खारं येतंय." जे कळायला माझे कितीतरी हंगाम गेले, ते हिला शाळेच्या गणवेशात कळलं. कौतुक वाटलं, पण नंतर. आधी राग आला. दुसरं कांडं सोलून दिलं, तिनं तेच सांगितलं. आता नेहमीचे लोक "नातीनं चाखलाय ना?" असं विचारून मग बसतात. तिला मी म्हणतो, जीभ तयार व्हायला वेळ लागतो, बाळा. ती हसते.

समोरच्या मशीनवाल्याचा रस मी कधी प्यायलो नाही. परवा नात तिकडून पिऊन आली आणि सांगायला लागली, तेव्हा मी गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतली. त्याचा रस बेचवच असणार, आणि डॉक्टरांच्या कृपेनं आता खात्री करून घ्यायची माझ्यावर वेळ येणार नाही.