पटावरून नाव काढणे

परवाच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि आमचा राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी नवा आणला, इंटरनेट सुरू झालं, पण हिच्या ओव्या काही लागेनात.

थोडं मागचं सांगतो. नातवाने एका जुन्या संगणकावर प्रॉक्समॉक्स बसवून दिलंय. व्हिएन्नाच्या मंडळींनी 2008 साली आणलेलं, फुकट वापरता येणारं. एका यंत्राच्या पोटात चार यंत्रं नांदतात, एकत्र कुटुंबच म्हणा! त्यातल्या एका यंत्रावर हिने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ही गेल्याला सहा वर्षं झाली. मूळ कॅसेटी कधीच खराब झाल्या. त्या यंत्राची डिस्क मात्र संगणकात नाही, माळ्यावरच्या साठवणुकीच्या डब्यात आहे. तो डबा एनएफएस पद्धतीने नेटवर्कवरून जोडलेला. प्रॉक्समॉक्समध्ये त्याचं नाव 'पेटारा'.

नातवाला बंगळूरला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, काळ्या पडद्यावर पीव्हीईएसएम स्टेटस लिहा." लिहिलं. पेटाऱ्यापुढे 'इनॅक्टिव्ह'. नव्या राउटरने डब्याला नवा पत्ता दिला होता. पूर्वी शेवटी 20 होतं, आता 37.

"मग पत्ता बदलू या."

"एनएफएसच्या नोंदीत सर्व्हरचा पत्ता बदलता येत नाही. नोंद काढून पुन्हा घालायची. पीव्हीईएसएम रिमूव्ह पेटारा."

माझा हात थांबला. रिमूव्ह? पेटारा?

"अहो आजोबा, एका फाइलमधली नोंद जाते फक्त. डब्यातलं काही पुसलं जात नाही."

छत्तीस वर्षं शाळेत पट सांभाळला. नाव कमी केलं म्हणून मुलगा नाहीसा होत नाही, हे मला कळत नाही का? कळतं. तरी पाच मिनिटं एंटर दाबवेना. शेवटी दाबलं. 'नक्की काढू का?' असं विचारलंसुद्धा नाही हो त्याने! चूपचाप पुढची ओळ.

मग श्रुतलेखन सुरू झालं, या वेळी विद्यार्थी मी. (बटणं असतात, पण 'वर उजवीकडचं निळं' हे फोनवर सांगण्यापेक्षा हुकूम अक्षरागणिक लिहून घेणं बरं. वहीतही राहतो.) आधी पीव्हीईएसएम स्कॅन एनएफएस आणि नवा पत्ता. डबा कुठला कप्पा उघडून देतोय ते दिसलं, तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला. मग पीव्हीईएसएम ऍड एनएफएस, नाव, सर्व्हर, एक्सपोर्ट म्हणजे तो कप्पा, आणि कंटेंट इमेजेस, कारण त्यात यंत्रांच्या डिस्का ठेवायच्या.

मी हौसेने 'पेटारा2' लिहायला निघालो होतो. नातू ओरडलाच! यंत्राच्या नोंदीत डिस्कचा ठिकाणा 'पेटारा' या नावानेच लिहिलेला. नाव बदललं तर ते शोधत बसणार. म्हणून तेच जुनं नाव, काना-मात्र्यासकट.

पुन्हा स्टेटस. 'ऍक्टिव्ह'. यंत्र सुरू केलं. पहिल्या ओवीआधी ही खोकते, तो खोकला आला.

राउटरमध्ये डब्याला 37 हाच पत्ता कायमचा बांधून घेतला. दिवाळीला येताना नातू ओव्यांची दुसरी प्रत ठेवायला वेगळी हार्ड डिस्क आणणार आहे. पैसे मी आधीच पाठवले, नाहीतर विसरायचा.