आईचे फोटो आणि फुकटची सफाई

आमचा घरचा कॉम्प्युटर 2016चा. विंडोज 10, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. सोसायटीचे हिशेब, बिलं आणि घरचे फोटो एवढंच त्याचं काम. 2024च्या दिवाळीआधी तो फारच मंदावला. बटण दाबून मी चहा ठेवायचो; चहा पिऊन झाला तरी स्क्रीन हाताळण्याजोगी झालेली नसायची. सी ड्राइव्हची पट्टीही लाल झाली होती.

कॉम्प्युटर वेगवान करणारं फुकट सॉफ्टवेअर मी इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वरचं नाव जाहिरातीचं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. त्या पानावर डाउनलोडची तीन हिरवी बटणं होती. सगळ्यात मोठं होतं ते दाबलं. इन्स्टॉल करताना नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो. खाली बारीक अक्षरांत आधीच टिक केलेल्या ओळी होत्या, त्या वाचल्या नाहीत.

त्या सॉफ्टवेअरने दहा मिनिटांत लाल अक्षरांत सांगितलं, 1386 दोष सापडले. मी घाबरलो. सगळे दोष काढायला पैसे मागत होतं, ते मी दिले नाहीत. पण ‘जंक’ साफ करणं आणि ड्रायव्हर अपडेट करणं फुकट होतं, ते दोन्ही केलं. 41 जीबी जागा मोकळी झाली. त्या रात्री मला खरंच समाधान वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आवाज गेला. गाणं नाही, व्हिडिओ नाही. ब्राउझर उघडला की भलतंच पान येऊ लागलं. एक अँटिव्हायरसही येऊन बसला होता, जो मी मागवला नव्हता. कॉम्प्युटर होता तेवढाच मंद.

तिसऱ्या दिवशी आईचे फोटो बघायला गेलो तर फोल्डर नव्हतं.

आमचं घर सांगलीत. ऑगस्ट 2019च्या महापुरात खालच्या खोलीतलं कपाट पाण्यात गेलं, त्यात आईचा अल्बम होता. पाणी ओसरल्यावर मी एकेक फोटो सोडवून गच्चीवर वाळत घातला आणि फोनने त्याचा फोटो काढून ठेवला. 212 फोटो. मूळ कागद पुढे काळे पडले, बुरशी आली, टाकून द्यावे लागले. फोनमधले इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर चढवून कॉम्प्युटरवर उतरवले आणि जागेसाठी दोन्हीकडचे पुसले. कॉम्प्युटरवर ते डाउनलोड्स फोल्डरमध्येच राहिले. दुसरी प्रत काढली नाही. सफाईच्या यादीत ‘डाउनलोड्स’वरही टिक होती. रीसायकल बिनमध्येही काही नव्हतं.

पुण्याला पुतणीला फोन केला. ती म्हणाली, “काका, आधी मशीन बंद करा. त्यावर काहीही नवीन टाकू नका. मी रविवारी येते.” पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, फक्त तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की ती जाते. मी तर तीन दिवस मशीन वापरत होतो. हे तिला सांगताना जीभ जड झाली.

रविवारी तिने हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. आधी क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. डिस्कच्या तब्येतीपुढे पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं. डिस्कचे काही भाग निकामी होत आले होते. मशीन मंद होण्याचं कारण हे होतं. कुठल्याही सफाईने ते बरं होणार नव्हतं. तेही सॉफ्टवेअर फुकटच आहे, पण त्याने मला घाबरवलं नाही की काही विकलं नाही.

मग फोटोरेक. हेही फुकट, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून चालवायचं. दिसायला काळी खिडकी आणि अक्षरं. सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवरच घ्यायच्या, हे तिने दोनदा बजावलं. रात्रभर चाललं. सकाळी हजारो चित्रं होती, वेबसाइटवरची बारीकसारीक चित्रंसुद्धा. मूळ नावं गेली होती, नुसते आकडे. पण फोनने फोटो काढल्याची तारीख फाइलच्या आत राहते. त्या तारखेप्रमाणे रांग लावली आणि ऑगस्ट 2019 गाठलं. 187 सापडले. पुतणीसमोर मला रडू आवरलं नाही.

एसएसडी असती तर एवढेही मिळाले नसते, असं ती म्हणाली. एसएसडीत पुसलेली जागा विंडोज बहुधा लगेचच खरोखर मोकळी करायला सांगतं. तरीही जुन्या डिस्कच्या जागी आम्ही एसएसडीच बसवली आणि विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेऊन नव्याने घातलं. त्यासोबत आवाजही परत आला. आता चहा ठेवायला उठेपर्यंत मशीन तयार असतं. फोटो आता मशीनवर, बाहेरच्या डिस्कवर आणि पुतणीकडे असे तीन ठिकाणी आहेत.

त्यानंतर मी फुकट सॉफ्टवेअर घेणं सोडलं नाही, घेण्याची रीत बदलली. आधी विंडोजमध्येच ती सोय आहे का बघतो. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद करता येतात. तात्पुरत्या फाइली सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढता येतात. तिथेही डाउनलोड्सची ओळ असते, म्हणून प्रत्येक टिक वाचायची. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जातच नाही. ड्रायव्हर मशीनच्या कंपनीकडून किंवा विंडोज अपडेटमधून.

बाहेरचं घ्यायचंच असेल तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून. पत्ता अक्षर न् अक्षर बघून. उतरवलेली फाइल आधी व्हायरसटोटलवर टाकतो, तिथे अनेक अँटिव्हायरस ती एकदम तपासतात. आपली खाजगी कागदपत्रं मात्र तिथे टाकायची नाहीत, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही आहे का बघतो. पण सही नाही म्हणजे वाईट, असंही नाही. मी उतरवलेल्या सेव्हन-झिपला सही नव्हती, आणि ते सॉफ्टवेअर 1999 पासून लोक वापरत आले आहेत. मग रिस्टोअर पॉइंट करतो. माझ्या मशीनवर ती सोय बंदच होती, आधी चालू करावी लागली. एका वेळी एकच सॉफ्टवेअर घालतो आणि आठवडाभर वापरून बघतो.

या रीतीने टिकली ती थोडीच. सेव्हन-झिप, फाइल नावावरून क्षणात शोधून देणारं एव्हरीथिंग, आणि कुठलं फोल्डर किती जागा खातं ते दाखवणारं विझट्री. विझट्री घरच्या वापराला फुकट आहे, ऑफिसला परवाना लागतो. तीन सफाईवाली आली आणि त्याच दिवशी गेली. तिन्हींनी नव्याकोऱ्या विंडोजमध्येही शेकडो दोष दाखवले होते.

25 फोटो मिळाले नाहीत. त्यात आईचा शाळेतला, दोन वेण्यांचा फोटो होता. त्याची एक प्रत कोल्हापूरला मावशीकडे असावी. पुढच्या महिन्यात जाणार आहे.