ओरडणारा थांबू शकतो

१३ जुलै २०११ च्या संध्याकाळी मुंबईत ऑपेरा हाऊसला बॉम्ब फुटला तेव्हा मी कॅज्युअल्टीत ड्यूटीवर होते. घर माझं खोताच्या वाडीत. तिथून प्रार्थना समाजावरून निघालं की हिरे बाजारातल्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्सच्या इमारती चालत गाठता येतात. सातच्या आसपास, काही मिनिटांच्या अंतराने झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना अशा तीन ठिकाणी स्फोट झाले. पंचविसाहून जास्त माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. हे आकडे नंतर कळले. आम्हाला आधी दिसल्या त्या टॅक्स्या.

पहिल्या टॅक्स्यांमधून उतरली ती स्वतःच्या पायांनी चालणारी माणसं. कुणाच्या कपाळात काच, कुणाचा हात फाटलेला. असं प्रत्येक मोठ्या अपघातात होतं. ज्याला चालता येतं तो गाडी गाठतो, जवळचं हॉस्पिटल गाठतो आणि पहिली ट्रॉली अडवतो. ज्याला उचलावं लागतं तो मागाहून येतो, तोवर आतली जागा भरलेली असते. म्हणून आमच्या सिनियर डॉक्टरांनी मला दारातच उभं केलं. हातात चिकटपट्टी आणि मार्कर. केस पेपर, पोलिसांसाठीची एमएलसी नोंद, सगळं नंतर. आधी फक्त रंग, कुणाला आधी आत न्यायचं ते सांगणारा.

रंगांची ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचमध्ये १९८३ साली तिथलं हॉस्पिटल आणि अग्निशमन दल यांनी मिळून बसवली. एका माणसाला मिनिटभरही द्यायचं नाही. चालतोय? हिरवा. श्वास नाही? मान मागे करून हनुवटी उचलायची. तरीही नाही, तर काळा. श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा सांगितलेलं करत नाही, तर लाल. उरलेले पिवळे.

कागदावर सोपं आहे. बॉम्बस्फोटात मात्र कानाचे पडदे फाटतात. "माझं बोट दाबा" म्हटलं की माणूस नुसता बघत राहतो. त्याची शुद्ध हरपलेली नसते, त्याला ऐकूच येत नसतं. मग मी बोलणं सोडलं. स्वतःची मूठ उघडझाप करून दाखवायची आणि समोरचा तसं करतो का ते बघायचं.

एक गृहस्थ माझी बाही ओढत होते. हाताला टॉवेल गुंडाळलेला, रक्त ठिबकत होतं.

"सिस्टर, मी केव्हाचा आलोय. याला आधी का नेताय? याला तर काही लागलेलंही नाही!"

"काका, तुम्ही बोलताय ना? मग थोडं थांबा. टॉवेल घट्ट दाबून धरा."

"याला" म्हणजे भिंतीला टेकून बसलेला एक तरुण. कपडे धुळीने माखलेले, रक्ताचा थेंब नाही, तोंडातून आवाज नाही. छाती मात्र भराभर हलत होती. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसं आतून फाटू शकतात, बाहेर ओरखडाही दिसत नाही. लाल. वॉर्डबॉय मामांनी त्याला ट्रॉलीवर घेतलं.

काळा रंग द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात जड झाला. एरवी श्वास थांबलेला माणूस आला की आम्ही चौघं-पाचजण त्याच्या छातीवर दाब देत घाम गाळतो. त्या संध्याकाळी मी हनुवटी उचलली, वाट पाहिली, पट्टी लावली आणि पुढच्याकडे वळले. सोबत आलेला माणूस ओरडला, "अहो, हात तरी लावा!" हात मी लावला होता. पण तिथे आणखी थांबले असते, तर रांगेतल्या ज्याला वाचवता येत होतं त्याच्या वाट्याचा वेळ गेला असता. हे त्या माणसाला समजावायलाही मी थांबले नाही. तो माझ्यावर अजूनही रागावलेला असेल, तर त्याचं चुकत नाही.

रंग एकदा लावला की काम संपत नाही. हिरव्यांच्या बाकावर पुन्हापुन्हा फेरी मारावी लागते. गप्पा मारत बसलेल्या एकाला धाप लागली आणि त्याची पट्टी बदलावी लागली.

निवृत्तीनंतर वाडीतल्या मंडळाच्या पोरांना मी हे शिकवायला घेतलं, तेव्हा शेजारचे एक आजोबा म्हणाले, "डॉक्टरांचं काम पोरांना कशाला?" मी म्हटलं, पोरं ते करतातच, फक्त न शिकता करतात. २००६ साली ११ जुलैला लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळालगतच्या वस्त्यांनी चादरींची झोळी करून माणसं बाहेर काढली. राज्यात १०८ ची ॲम्ब्युलन्स आली तीच मुळी २०१४ मध्ये. आमच्या वाडीत तर आजही ती आतवर यायची नाही. लाकडी घरांच्या मधून जाणाऱ्या या बोळांत समोरून स्कूटर आली तर अंग चोरून उभं राहावं लागतं. उद्या इथे काही झालंच, तर जखमींना मोठ्या रस्त्यावर पोरंच आणणार आणि कुणाला कुठल्या टॅक्सीत घालायचं तेही पोरंच ठरवणार. म्हणजे पहिली निवड दारातल्या सिस्टरच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते.

म्हणून त्यांना रंगांच्या आधी तीन गोष्टी शिकवते. रक्त वाहतंय तिथे ओढणी, रुमाल, जे मिळेल ते जोरात दाबून धरा. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. आणि गाडीत घालताना नेहमीच्या उलट करा: गंभीर माणूस जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात, चालणारे लांबच्या. "पण चालणारा ऐकणार नाही, ताई," एक पोरगा म्हणाला. नाहीच ऐकणार. म्हणून टॅक्सीच्या दारात तुमच्यापैकी सगळ्यात दांडगा असेल त्याला उभा करा, असं मी त्यांना सांगितलं आहे.