पाच वाजता आलेली माणसं

मत्तयच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय मी रविवारच्या शाळेत अनेक वर्षं शिकवला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे चौकात जातो, मजूर ठरवतो, दिवसाला एक दीनार द्यायचं कबूल करतो. मग नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी पाचला, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी पडते आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. मी मुलांना सांगायचे, धनी म्हणजे देव, दीनार म्हणजे तारण आणि पाचला आलेला मजूर म्हणजे वधस्तंभावर शेवटच्या घटकेला येशूकडे वळलेला चोर. अर्थ नेमका बसायचा. मजुरीचा आणि पोटाचा प्रश्नच त्यात उरायचा नाही. आज मला तो अर्थ पुरत नाही.

मनातून मी पहाटेच्या मजुरांच्याच बाजूची होते. आमचं घर मिरजेचं. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत दवाखाना उघडला आणि त्याच्या आसऱ्यानं या भागात बरीच ख्रिस्ती कुटुंबं उभी राहिली, त्यांतलं आमचं एक. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं. घरात ही गोष्ट सांगितली जायची तेव्हा सगळ्यांच्या माना ताठ व्हायच्या. नंतरच्या काळात घरगुती प्रार्थनासभांमधून नवी माणसं मंडळीत येऊ लागली. कुणी आजारी लेकरासाठी प्रार्थना मागायला आलेलं, कुणी नवऱ्याच्या दारूला कंटाळून. त्यांना गीतांच्या चाली येत नव्हत्या, बायबलमधलं पान सापडत नव्हतं. आमच्यात त्यांना ‘कालची आलेली’ म्हणत. हा शब्द माझ्याही तोंडी होता. दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं, मग मान आमचाच, हे मला अगदी न्यायाचं वाटायचं.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर एका जुन्या सोबतिणीकडे चार दिवस राहायला गेले. तिची तासगाव तालुक्यात सावळजच्या बाजूला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन गेली होती, मणी ज्वारीएवढे झाले होते आणि विरळणी जोरात होती. छोट्या कात्रीनं घडातले जादाचे मणी काढायचे म्हणजे उरलेले फुगतात. मांडवाखाली उभं राहून दोन्ही हात दिवसभर वर. मी तासभर करून पाहिलं तर मान आखडली. तिथल्या बायका ते संध्याकाळपर्यंत करतात, वर गप्पाही मारतात.

तिसऱ्या प्रहरी बांधावरून एक म्हातारी आली आणि काही काम आहे का म्हणून विचारायला लागली. सकाळपासून ती फाट्यावर होती. टोळ्यांचे टेम्पो तिच्यासमोरून भरून गेले होते. मैत्रिणीनं तिला शेवटच्या ओळीत लावलं. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि विचारलं, ‘मावशी, सकाळी टोळीबरोबर का नाही आलात?’ ती म्हणाली, ‘मला कोन टोळीत घेतंय सिस्टर? हात चालंना आता.’

विरळणीचं काम बहुतेक उक्तं असतं. एकराचा दर ठरतो आणि आलेले पैसे टोळीत वाटले जातात. त्यामुळे ज्या बाईचा हात मंद, तिला सोबत घेणं म्हणजे बाकीच्यांच्या वाट्यातून द्यायचं. तिला बागायतदार नाकारत नव्हता. तिच्यासारख्याच हातावर पोट असलेल्या बाया तिला मागे ठेवत होत्या, आणि त्यांनाही दुसरा इलाज नव्हता. त्या संध्याकाळी मैत्रिणीनं तिला दोन-अडीच तासांचे पैसे दिले, हिशेबानं चोख. आम्ही दोघी गावात गेलो तेव्हा ती औषधाच्या दुकानापाशी उभी होती. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्टीतून तिनं चार गोळ्या कापून घेतल्या. नोकरीत असताना आठवड्याच्या आठवडे गोळ्या बंद ठेवून झटका आलेले रुग्ण मी कितीतरी पाहिले, आणि ‘गोळ्या का थांबवल्या?’ असं त्यांना दरडावलंही. पट्टी कापून मागणारा माणूस मात्र मी पहिल्यांदाच नीट पाहत होते.

रात्री मी तो अध्याय पुन्हा उघडला. पाच वाजता चौकात उभ्या असलेल्यांना धनी विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं मुलांकडून वाचून घेत होते, पण त्यावर कधी थांबले नव्हते. माझ्या चोराच्या अर्थात ते बसतच नाही. चोर उशिरा वळला, ही माणसं तर सकाळपासून तयार उभी होती. दिवसअखेर चौकात कोण उरतं? म्हातारं, लंगडं, ज्याचा हात मंद पडलाय ते. मत्तय हे सांगत नाही, पण मला आता दुसरं काही दिसत नाही. दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे एका घराचं एका दिवसाचं पोट. तासाभराच्या हिशेबानं दिला असता तर दीनाराचा बारावा हिस्सा आला असता. त्यात काय शिजलं असतं? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, अशी आज्ञा आहे. येशूच्या ऐकणाऱ्यांना ती पाठ होती. त्यांना त्या दीनारात भाकरी दिसली असणार. तारण त्या भाकरीपासून वेगळं काढता येत नाही, असं मला आता वाटतं.

आणखी एक गोष्ट. शेवटी आलेल्यांना आधी पैसे द्या, असं धनी कारभाऱ्याला बजावतो. पहिल्यांना आधी दिले असते तर ते दीनार कमरेला लावून खुशीत घरी गेले असते. तंटाच नव्हता. पण त्यांनी थांबून पाहावं, असं धन्याच्या मनात होतं. ही गोष्ट मुळात पेत्र या शिष्याला दिलेलं उत्तर आहे. आधीच्याच अध्यायात त्यानं विचारलं होतं की आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? पेत्राचा हा प्रश्न आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दलही माझं मत बदललं ते याच ओघात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडतो आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या येशूभक्तांना एकत्र बसवतो, हे मला पटायचं नाही. आजोबांनी ज्या पाण्यासाठी गावाचं पाणी गमावलं, त्याची किंमत टिळकांनी कमी केली असं वाटायचं. बाप्तिस्म्याची किंमत माझ्या लेखी आजही तेवढीच आहे. पण साताऱ्याला टिळक गेले ते चौकात उभ्या असलेल्यांसाठी, हे मला आता दिसतं. येशूवर जीव जडलेली, पण जातीच्या, घराच्या धाकानं मंडळीच्या दारात न आलेली माणसं त्या काळी होती, आजही आहेत. त्यांना आत बोलवायला कुणीतरी बाहेर जायला हवं होतं. टिळकांच्या हाती वेळही थोडाच होता. मे 1919 मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती ख्रिस्ती नाही, पण गोष्ट तिनं लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाली, ‘सगळ्यांना सारखाच रोज दिला तर दुसऱ्या दिवशी सहाला माझ्या बागेत कोण येईल?’ औषधाचा, मजुरीचा, बँकेच्या हप्त्याचा खर्च आणि ऐन वेळी पडणारा अवकाळी पाऊस सोसून ती बाग धरते. तिचा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. मजुरीचे दर कसे ठरवावेत, ते येशू या गोष्टीत सांगत नाही. पण तो धनी कारभारी पदरी असताना दिवसातून पाच वेळा स्वतः चौकात गेला, हे तर लिहिलेलंच आहे.

मंडळीत मात्र मला उत्तर शोधत बसायची गरज नाही. यंदा हंगामाच्या सणाला साक्ष कुणी द्यायची, यावर बैठक झाली. गेल्या वर्षी आलेल्या एका बाईचं नाव मी सुचवलं. ती मोलमजुरी करते, बोलते खणखणीत. जुन्या घरांतल्या दोघांनी हरकत घेतली की तिला अजून वचनं येत नाहीत, ती कालचीच आलेली. मी म्हटलं, सकाळपासून ती दारातच होती, आपण तिला बोलावलं नव्हतं. त्यांचा राग अजून गेलेला नाही. पाळकसाहेबांनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकललाय, आणि त्या बैठकीलाही मी तेच नाव घेणार आहे.