बसमधून काय काढायचं नाही

बाबांनी निवृत्तीच्या पैशातून हडपसरला, सासवड रस्त्यालगत, एक गुंठा जागा घेतली. गुंठ्यांचे व्यवहार तेव्हा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकायचे, हे विकणाऱ्यानं काही सांगितलं नाही. घर झालं नाही ते नाहीच.

मी मगरपट्ट्यात कोडिंग करते. माझ्या पगारात इथला वन बीएचके म्हणजे वीस वर्षांचा हप्ता. म्हणून या उन्हाळ्यात भंगारात निघालेली एक कंपनी-बस घेतली आणि त्या गुंठ्यात आणून उभी केली. नोंदणी रद्द झालेली. रस्त्यावर चालवायची असती तर आतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागली असती. उभ्या बसचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो का, हे मी मुद्दामच कुणाला विचारलेलं नाही.

"बसमध्ये कुणी राहतं का गं? तू राहा, मी नाही येणार," बाबा म्हणाले. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत तीस वर्षं बसच्या बॉडी बांधलेला माणूस हा! मग त्यांना 'ती' स्वच्छतागृह दाखवायला नेलं. राजीव खेर आणि उल्का सादळकर यांनी २०१६ पासून पीएमपीच्या जुन्या बस आतून रिकाम्या करून बायकांसाठी केली ती. बाबांनी बाहेरूनच, वाकून, फक्त चासी बघितली. पुढच्या रविवारी मात्र हत्यारांची पेटी घेऊन आले.

सीट काढणं हे दोन माणसांचं काम. एकानं वरून बोल्ट फिरवायचा, दुसऱ्यानं बसखाली आडवं पडून नट धरायचा. गंजलेले बोल्ट दाद देत नाहीत. रात्री तेल सोडून ठेवायचं, सकाळी परत भिडायचं. सीट निघाल्यावर खालची चेकर प्लेट, तिच्याखाली कुजलेलं प्लायवूड, आणि त्यात कुणाकुणाची आयकार्डं, पेनं, एक पैंजण. रिव्हेट छिन्नीनं उडवायची नाही, पत्रा फाटतो. आधी पंचनं मधोमध खूण, मग रिव्हेटच्याच जाडीचं ड्रिल. डोकं गळून पडतं. दिवसाला दीडशे काढल्या की मला मनगट जाणवायचं बंद व्हायचं. बाबांना काही नाही.

भांडण झालं ते खांबांवरून. मला स्वयंपाकाच्या ओट्यासमोर मोठी खिडकी हवी होती, म्हणजे मधला एक खांब कापावा लागणार. बाबांनी ग्राइंडरची पिनच काढून खिशात टाकली. "पत्रा म्हणजे नुसता कपडा. छत उभं आहे ते या खांबांवर." मग चहा पिता पिता, १ जून १९४८ ला पुणे-नगर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडाची आणि छत कापडाचं होतं, हे नेहमीचं पुराण. ओटा दोन हात सरकला. खांब आहे तिथेच आहे.

दाराची पहिली पायरी जमिनीपासून बरीच उंच. चढताना बाबा दांडा धरून क्षणभर थांबतात, गुडघ्यामुळे. आपण इथे राहणार नाही, हे त्यांचं अजून चालूच आहे. गेल्या रविवारी मी पोचायच्या आधी त्यांनी तिथे खाली एक ठेंगणी पायरी वेल्ड करून ठेवली होती. रंग द्यायचा राहिलाय.